ना कामगार, ना वकील

त्या पत्राचा मसुदा मीच केला होता. दीड वर्षापूर्वी, एचआरच्या मॅडमना ‘जरा सौम्य भाषेत’ हवा होता म्हणून. कंपनीच्या पुनर्रचनेमुळे आपलं पद यापुढे राहणार नाही, हे त्यातलं इंग्रजी वाक्य माझं. शेवटी शुभेच्छा देण्याची कल्पनाही माझीच. आधीच्या नमुन्यात नुसतंच ‘आपला विश्वासू’ होतं. चाकणजवळच्या त्या कारखान्यात पुरवठादारांना ताटकळत बसवायची एक बिनखिडकीची खोली होती. तिथे ते पत्र माझ्याच नावाने माझ्यासमोर आलं, तेव्हा माझी नजर आधी गेली ती दुसऱ्या परिच्छेदातल्या एका जादा स्वल्पविरामावर. तो तेव्हाच काढायचा होता. राहून गेला होता.

पुढचं सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड, कपाटाची किल्ली. मग ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन स्टोअर, आयटी, अकाउंट्स, कँटीन असं सह्या गोळा करत फिरणं. कँटीनवाल्याने सही करताना विचारलं, “बदली का साहेब?” मी हो म्हणालो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी सवयीने सलाम ठोकला आणि मग ओशाळून गेटपास मागितला. कंपनीची बस साडेपाचची, वाजले होते पावणेतीन. शेअर रिक्षात चौघांत पाचवा होऊन मी तळेगाव चौकापर्यंत आलो. मांडीवर डबा, कामगार कायद्याचं जाडजूड पुस्तक आणि टेबलावरच्या मनी प्लांटची कुंडी. चौकात नेहमीसारखी वाहतूक तुंबली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कोंडीचा राग आला नाही. घरी लवकर पोचायची घाई नव्हती.

घरी अप्पा होते. अप्पांची उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात मशिनवर गेली. संप, टाळेबंदी, अर्धा पगार, व्हीआरएस, सगळं त्यांनी पाहिलेलं. पत्र त्यांनी हातातही घेतलं नाही. एवढंच विचारलं, “युनियनला कळवलंस का?”

“आम्हाला युनियन नसते, अप्पा.”

“मग लेबर कोर्ट?”

“तेही नाही.”

“मग तू वकील ना? तूच उभा राहा की कोर्टात.”

तेही जमत नव्हतं. कारण त्या दिवशी, त्या घटकेला, मी वकीलही नव्हतो.

*

या पट्ट्याला नोकरी जाणं नवं नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि भोसरी-चिंचवड-आकुर्डीची शेतं बघता बघता शेडखाली गेली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. त्याच पट्ट्याने १९८९ चं टेल्कोच्या कामगारांचं आंदोलन पाहिलं. सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलेलंही पाहिलं. तोवर चाकणचा कारखाना उभा होता आणि कामाचा ओघ पुणे-नाशिक रस्त्याने वर सरकला होता. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस दिली. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

अशा प्रत्येक वेळी बातमी होते ती कामगारांची, आणि ते रास्तच आहे. पण अशा प्रत्येक वेळी आत कुठेतरी एक टेबल असतं. त्यावर नोटिसांचे मसुदे होतात, भरपाईचे आकडे कायद्याशी ताडून पाहिले जातात, बाहेरच्या मोठ्या वकिलांना फायली पाठवल्या जातात. त्या टेबलामागे बहुधा पंचविशी-तिशीतलं एखादं पोरगं असतं. पुण्यातल्या किंवा इथल्याच एखाद्या लॉ कॉलेजातून निघालेलं, कोर्टात दोन वर्षं सीनिअरच्या फायली उचलून ‘निदान ठरलेला पगार तरी मिळेल’ म्हणून कंपनीत शिरलेलं. पदनाम लीगल ऑफिसर, लीगल एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर-लीगल असं काहीतरी. कामगारांची कपात संपली की खर्चाच्या यादीत पुढचा क्रमांक त्याच टेबलाचा येतो. कारण कायदा विभाग काही सुटे भाग बनवत नाही.

अप्पांच्या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ का होती, ते नीट समजून घेऊ. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो हे खरं, पण वकिलाला आधी आपली केस कळली पाहिजे.

*

पहिला प्रश्न कामगार असण्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत विरघळला. ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या मात्र हाडामांसाने जुनीच राहिली. अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. व्यवस्थापकीय वा प्रशासकीय पदावरचा माणूस त्यात नाही. देखरेख करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर गेला की तोही बाहेर. आता करारनामे तपासणारा वकील यातल्या कुठल्या खणात बसतो?

या प्रश्नाची वाट, गंमत म्हणजे, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यातून जाते. करंझाळे इथल्या शाळेतून १९७५ साली तिला काढलं. ती औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शाळा हा उद्योग असेल, पण शिक्षक कामगार नाही. शिकवणं हे कारकुनी किंवा तांत्रिक कामात मोडत नाही. हाच धागा पुढे कानपूरच्या मुइर मिल्सच्या खटल्यात आला. तिथे १९८२ साली एका तरुणाला लीगल असिस्टंट म्हणून प्रोबेशनवर घेतलं होतं आणि वर्षाच्या आसपास काढून टाकलं. तो लढला. कामगार न्यायालयात जिंकला, उच्च न्यायालयात टिकला, आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, व्यावसायिक ज्ञानाच्या जोरावर सल्ला देणारा, मसुदे करणारा माणूस कामगार ठरत नाही.

नेमणूक १९८२ ची, शेवटचा निकाल २००६ चा. मी तो निकाल नोकरीत असताना तीनदा वापरला होता, कंपनीच्या बाजूने. चौथ्यांदा वाचला तो घरी, कॉटवर पडून, फोनच्या उजेडात. त्या खेपेला पहिल्यांदाच मी त्यातल्या तारखा मोजल्या.

काही वेळा वाट उघडी असते, हेही सांगायला हवं. पदनामाला न्यायालय भुलत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतं. तुमचं पत्र ‘मॅनेजर’ म्हणत असेल आणि तुम्ही दिवसभर नुसत्या तारखांचं रजिस्टर भरत असाल, चलनं स्कॅन करत असाल, तर कारकुनी कामाचा मुद्दा उभा राहू शकतो. पण त्यासाठी कामाचे पुरावे लागतात आणि वर्षं लागतात. आपल्याजवळ दोन्हींपैकी काय किती आहे, याचा हिशेब आधी.

आता दुसरा प्रश्न, वकील असण्याचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ४९ वा नियम सांगतो की, वकिली चालू असताना वकिलाने कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवावं आणि ती असेपर्यंत वकिली थांबवावी. या नियमाशी खेळलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिमाचलच्या एका खटल्यात चांगलंच सुनावलं आहे. म्हणजे कंपनीत शिरताना मूळ सनद बार कौन्सिलकडे पाठवायची आणि ‘वकिली स्थगित’ अशी नोंद करून घ्यायची. किती जण हे करतात, त्यावर न बोललेलं बरं. बहुतेकांची सनद घरी लग्नाच्या अल्बमखाली पडून असते.

या मधल्या जागेवर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडेच शिक्काही मारला. वकिलांना तपासयंत्रणांनी समन्स पाठवण्याच्या प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिलेल्या निकालात म्हटलं आहे की, वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेचं साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खालचं संरक्षण कंपनीच्या पगारी कायदा अधिकाऱ्याला मिळत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा वकील नाही. कामगार कायदा म्हणतो तू व्यावसायिक आहेस. वकिलांचा कायदा म्हणतो तू नोकर आहेस. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

*

उपाशी, पण अगदी रिकाम्या हाताचा नव्हे. इथे बरेच तरुण वकील स्वतःच्याच बाबतीत कच्चे निघतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘कामगार’ आणि ‘कर्मचारी’ हे संहितांमधले दोन वेगळे शब्द आहेत. वेतन संहितेतला ‘कर्मचारी’ बराच ऐसपैस आहे. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय कामावरची माणसंही त्यात येतात. त्या संहितेचं कलम १७ म्हणतं की माणसाला काढलं, कमी केलं किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल’ हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य त्यापुढे टिकत नाही. ग्रॅच्युइटीलाही कामगार असण्याची अट नाही. साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते.

बाकीचं सगळं नेमणूकपत्रात असतं. नोटीसचा काळ, त्याबदली पगार, शिल्लक रजा, बोनसचा बदलता भाग. दिवाणी न्यायालय तुम्हाला खुर्चीवर परत बसवणार नाही. खासगी नोकरीचा करार असा जबरदस्तीने पाळून घेता येत नाही. पण नोटीस न देता काढलं तर त्या काळाचे पैसे मागता येतात. आणि म्हणूनच त्या बिनखिडकीच्या खोलीत हमखास एक गोड वाक्य येतं: “तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील.” राजीनामा म्हणजे तुम्ही आपणहून सोडलं. नोटीस-पगाराचा हक्क तिथेच पातळ होतो. द्यायचाच असेल तर त्या बदल्यात काय मिळणार ते आधी लेखी घ्या, आणि त्या दिवशी सही करू नका. “वाचून उद्या देतो” म्हणायला लाज वाटते, विशेषतः आपणच इतरांना कधी तो ‘उद्या’ दिला नसेल तर. मला वाटली होती. तरी म्हणालो. एका रात्रीने माझा एक महिन्याचा पगार वाचवला.

‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं कलम तुमच्या करारात असेल. ते बहुधा तुम्हीच दुसऱ्यांच्या करारात घातलेलं असेल. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असा, नोकरी सुटल्यानंतरचा, रोजगारबंदीचा करार निष्फळ ठरवतं. गुप्ततेचं कलम मात्र जिवंत राहतं. पेन ड्राइव्हमध्ये कंपनीचे मसुदे भरून नेण्याचा मोह होतो, आपलीच मेहनत असते ना ती. नेऊ नका. मसुदा करण्याचा हात आपल्याबरोबर येतोच.

पैशांचं थोडक्यात. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का ते पाहा. तिने टाकलीच नाही तर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते, पण त्यासाठी अर्ज वेळेत, शक्यतो बाहेर पडण्याआधी करायचा असतो. घरात म्हातारे आईवडील असतील तर राजीनाम्याच्या भाषेपेक्षा हा अर्ज महत्त्वाचा. गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता यांबद्दल बँकेशी चुकण्याआधी बोलावं. हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी करत नाही.

*

सनदेचं माझं काम सोपं होतं, कारण मी ती प्रामाणिकपणे जमा केली होती. प्रामाणिकपणापेक्षा भित्रेपणा जास्त होता म्हणा. वकिली पुन्हा सुरू करायची तर राज्य बार कौन्सिलच्या सचिवांकडे अर्ज द्यायचा आणि सोबत प्रतिज्ञापत्र, की मधल्या काळात कुठली अपात्रता आलेली नाही. नोंदणी समितीने मंजुरी दिली की सनद परत मिळते. मी चिंचवडहून पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडली आणि मुंबईत फोर्टात गेलो. रांगेत माझ्यासारखे आणखी दोघे होते, दोघेही खासगी नोकरीतून परतलेले. एकाने काळा कोट नुकताच ड्रायक्लीन करून आणला होता, पिशवीसकट. आम्ही एकमेकांना नोकरी का सोडली ते विचारलं नाही.

ही स्थगिती वेळेत उठवणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून धरतात, न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात. पण कंपनीतली वर्षं ही काही वकिली नव्हे. न्यायाधीश व्हायचं मनात असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने चाकणच्या नोकरीत चार वर्षं काढली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिची पाटी याबाबतीत जवळजवळ कोरी.

आणि कोर्टात परतणं म्हणजे पगारात उतरणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं. बाररूममध्ये हा आकडा काढला की सीनिअर मंडळी चहा मागवतात. ज्याला फौजदारी कामाची आवड आहे त्याने विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील योजनेकडे जरूर पाहावं. २०२२ च्या या योजनेत सहायक बचाव वकिलाचं पद शून्य ते तीन वर्षं अनुभव असलेल्यांसाठी असतं आणि दरमहा मानधन मिळतं.

अशा वेळी थोरामोठ्यांची उदाहरणं देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली तेव्हा त्यांच्याकडे एलएल.बी. होती, त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला, लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागी घेतली. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, पण ब्रीफ देणारे सॉलिसिटर त्यांच्या दारी फिरकत नसत. म्हणून त्यांनी १९२५ पासून काही वर्षं बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्याच काळात, १९२६ साली, पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू त्यांनी मांडली आणि अपील जिंकलं. बडोद्याची नोकरी त्यांना ज्या अपमानापायी सोडावी लागली, त्याच्या शेजारी आपलं पुनर्रचनेचं पत्र ठेवू नये. मी हे उदाहरण घेतो ते व्यापारी कायद्यासाठी. कामं मिळत नव्हती त्या वर्षांत ते हिशेबनीस होऊ घातलेल्या मुलांना करार, हुंड्या, भागीदारी शिकवत होते. नोकरी गेलेल्या वकिलाकडे जे असतं ते बहुतेक हेच असतं: कुणाच्या तरी धंद्याच्या कामी येणारा कायदा.

*

या पट्ट्यात तो कुणाच्या कामी येतो, हे मला कंपनीत तीन वर्षं बसून कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर तीन आठवड्यांत कळलं.

म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे. मोठ्या कंपन्यांच्या भिंतींना लागून इथे छोट्या शेडचं रान आहे. भोसरी एमआयडीसीत तर गल्ल्याच्या गल्ल्या. चार सीएनसी मशिन, एक पॉवर प्रेस, दारात टेम्पो. हे लोक मोठ्यांच्या पुरवठादारांचे पुरवठादार. माल वेळेत जातो, पैसे येत नाहीत. नव्वद दिवस, एकशे वीस दिवस, मग ‘क्वालिटीने माल रिजेक्ट केलाय’ असा सहा महिन्यांनी आलेला ईमेल. मी टेबलाच्या त्या बाजूला असताना असले ईमेल मी लिहीत असे.

सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा या माणसाच्या बाजूने पुष्कळ कडक आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे थांबता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद मागायला सुविधा परिषद आहे आणि तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषदेचा निवाडा खरेदीदाराला आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. या शेवटच्या कलमाची दहशत मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात काय असते, ते आत बसलेल्यालाच ठाऊक. मालावरचा आक्षेप माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यायचा असतो, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे सहा महिन्यांनी आलेल्या त्या ईमेलची किंमत काय, ते तो लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

मग हे शेडवाले अर्ज का करत नाहीत? कारण अर्ज केला की पुढची ऑर्डर बंद. इथे निव्वळ कायदा जाणून भागत नाही. कुठल्या कंपनीत कुठल्या टेबलावर नोटीस पडली की ती गुपचूप वर जाते आणि कुठे पडली की इगो दुखावतो, हे कळावं लागतं. ते त्या बाजूला बसलेल्याला कळतं. माझ्या सीनिअरना, जे तीस वर्षं कोर्टात आहेत, ते कळत नव्हतं.

भूगोलाचं एक व्यावहारिक त्रांगडंही लक्षात ठेवावं. २०१८ पासून चाकणचं पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, पण चाकण खेड तालुक्यात, म्हणून कोर्ट राजगुरुनगरचं. भोसरीच्या माणसाचं कोर्ट पिंपरीचं आणि जिल्हा न्यायालय शिवाजीनगरला. तिथे निदान आता मेट्रो आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पिंपरीत बसून थेट कोर्टाच्या दारात उतरता येतं. सकाळी शिवाजीनगर आणि दुपारी राजगुरुनगर अशा दोन तारखा एका दिवशी घेणारा ज्युनिअर एकदाच घेतो.

नोकरी गेल्यावर पाचव्या आठवड्यात माझ्याकडे पहिला माणूस आला, अप्पांच्या जुन्या ओळखीतून. भोसरीतले शेडवाले, पन्नाशीचे. प्लास्टिकच्या पिशवीत चलनं, इनव्हॉइस आणि टेम्पोवाल्याच्या पावत्या, सगळं ऑइलच्या बोटांचे ठसे उमटलेलं. उद्यम नोंदणी होती आणि मालाच्या आधीची होती, नाहीतर वाद तिथेच अडतो. माल मिळाल्याचे गेट-शिक्के होते. रक्कम पावणेसहा लाख. इतकी नीटनेटकी केस मी कंपनीत असताना समोरून येऊ नये म्हणून नवस बोललो असतो. मी कागद लावत शेवटच्या चलनावर आलो आणि खरेदीदाराचा शिक्का नीट पाहिला.

ती माझीच जुनी कंपनी होती. त्यांच्या याच थकबाकीच्या फाइलवर, आठ महिन्यांपूर्वी, ‘क्वालिटीचा मुद्दा काढावा’ असा शेरा मी मारला होता.

ज्या वादात एका बाजूला सल्ला दिला त्याच वादात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही. माझ्या तेव्हाच्या सल्ल्याला कलम १३२ चं संरक्षण असो वा नसो, हा नियम मी मोडणार नव्हतो. पण कारण तरी काय सांगणार? तेही सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, “काका, हे काम मला घेता येणार नाही. दुसरे चांगले वकील देतो.”

“का? रक्कम लहान वाटते का?”

“नाही, तसं नाही.”

“मग घाबरता त्यांना?”

मी गप्प. त्यांनी पिशवीच्या कानांची गाठ मारली आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीतल्या मनी प्लांटला पाणी घालत होते. ते म्हणाले, “त्याचं सोड. तुझ्या शेडचं भाडेपत्र संपलंय ना, ते तरी करून घे त्याच्याकडून.”

काकांनी पिशवी पुन्हा उघडली. भाडेपत्र तळाशी होतं.